पीडब्ल्यूडीतला फोटोग्राफर : राजा दीनदयाळ

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

सिव्हिलचा पोरगा पास होऊन पुढे काय काय होतो, याची यादी आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. ज्युनिअर इंजिनिअर, कंत्राटदार, पुण्यात एखाद्या साइटवर सुपरवायझर, नाहीतर चार वर्षं अभ्यासिकेत बसून तलाठी. या यादीत फोटोग्राफर हा शब्द काही बसत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वीचा एक सिव्हिलवाला असा आहे की जो सरकारी नोकरीत इस्टिमेटं आणि ड्रॉइंगं करता करता त्या काळातला भारतातला सर्वांत नावाजलेला फोटोग्राफर झाला. आणि तोही आपल्याच राज्याचा! आपलं राज्य म्हणजे तेव्हाचं. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे आपण दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतरच्या भाषणात ऐकतोच. त्या संस्थानाचे दरबारी फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ, पुढे राजा दीनदयाळ.

त्यांची माझी गाठ पडली ती कॅमेऱ्यामुळे. फोटो काढायचा नाद मला अकरावीपासूनच आहे, आणि दोन वर्षं शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन थोडे पैसे जमवले आहेत. त्यातून खिशात मावेल असा एक छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा, असं मनात आहे. हे हॉस्टेलवर बोललो तर सगळे हसायलाच लागले. फोनमध्ये पन्नास मेगापिक्सेल असताना कॅमेरा घेणारा हा कोण महाभाग! घरी बोललो तर वडील हसले नाहीत, गप्प बसले. ते जास्त अवघड असतं. त्यांच्या हिशेबात तेवढ्या पैशात स्पर्धा परीक्षेच्या क्लासचा एक हप्ता निघतो, आणि गेल्या तीन वर्षांत आमच्या सोयाबीनचं काय झालं ते मलाही माहीत आहे. तेव्हा घ्यायचाच तर नीट समजून घ्यावा म्हणून सेन्सर, लेन्स, अ‍ॅपर्चर असं वाचत सुटलो. वाचता वाचता मागं मागं जात थेट काचेच्या प्लेटपर्यंत पोचलो, आणि एका रात्री वेरूळच्या कैलास लेण्याचा १८८० च्या दशकातला फोटो समोर आला. मूळ फोटो लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे, खाली दीनदयाळांचं नाव. कैलास मी शाळेच्या सहलीत पाहिलंय, पण त्या फोटोतली छिन्नीची कडा न् कडा पाहून वाटलं, हे आपण पाहिलंच नव्हतं. मग कोण हा माणूस, म्हणून शोध घेतला.

दीनदयाळांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. घराणं जैन. शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात. गंगेच्या कालव्याचं काम चालू होतं, त्याला हाताखाली माणसं हवीत म्हणून १८४७ साली सरकारनं रुडकीला हे कॉलेज काढलं. आज तेच आयआयटी रुडकी. म्हणजे ज्या कॉलेजात शिरायला आपण बारावीत दोन वर्षं डोळे फोडले (आणि मग इथे आलो), तिथला हा १८६६ चा पासआउट. सर्व्हे, ड्रॉइंग, एस्टिमेटिंग हेच विषय, थोडक्यात आपलाच सिलॅबस. पास झाल्याबरोबर इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी लागली, मुख्य इस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून. वय बावीस.

पुढची आठ वर्षं सांगण्यासारखं काही नाही. नोकरी केली.

१८७४ च्या सुमारास, तिशीत असताना, त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हातात घेतला. हौस हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. स्टुडिओ टाकायचा, पैसा मिळवायचा, असं काही तेव्हा नव्हतं. दिवसा ऑफिस आणि उरलेल्या वेळात कॅमेरा. पण त्या काळची हौस म्हणजे काय चीज होती ते जरा समजून घ्या, कारण इथेच मला हा माणूस खरा आवडला.

तेव्हा फोटो काढायची पद्धत ओल्या प्लेटची होती. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्राव एकसारखा पसरायचा. तो जरा धरला की अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवायचा, आणि काच ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. फोटो घेतला की लगेच परत अंधारात नेऊन डेव्हलप करायचा. काच वाळली की खेळ खलास. या सगळ्याला साधारण दहा मिनिटं. म्हणजे जिथे फोटो काढायचा तिथेच डार्करूम न्यावी लागे, तंबूच्या रूपात. सोबत काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, पाण्याच्या पखाली, लाकडी कॅमेरा, तिपाई आणि हे सगळं वाहायला बैलगाडी आणि माणसं. आता केमिस्ट्रीचा एक मुद्दा बघा. कोलोडियन ईथर आणि अल्कोहोलमध्ये बनवतात. ईथर ३५ अंशाच्या आसपास उकळायला लागतं. आपल्याकडे एप्रिलात सावलीतच चाळीसच्या वर पारा असतो! विलायतेत जी काच दहा मिनिटं टिकते ती इकडच्या उन्हात किती टिकत असेल, याचा अंदाज फर्स्ट इयरच्या पोरालाही करता येईल. शिवाय एवढं करून हाती येणार ती निगेटिव्ह. तिच्यावरून छापायला अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद, आणि तोही उन्हात ठेवून.

आणि एक गोष्ट. तेव्हा फोटो मोठा करून छापायची सोय जवळपास नव्हतीच. जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठा कॅमेरा वागवा. दहा बाय बारा इंचाच्या काचा त्या काळी व्यावसायिक लोक सर्रास वापरत. मी वहीच्या मागच्या पानावर एक गणित केलं. स्वस्तातल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यात जो सेन्सर असतो तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे अठ्ठावीस चौरस मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा. दहा बाय बारा इंचाची काच त्याच्या सुमारे पावणेतीन हजार पट! कैलासाच्या फोटोत छिन्नीची कडा का दिसते, याचं अर्धं उत्तर या गुणाकारात आहे. मेगापिक्सेलचा आकडा कितीही फुगवला तरी प्रकाश झेलायला जागाच नखाएवढी असेल तर त्या आकड्याला काय अर्थ? दुकानदार हे सांगत नाही. त्याच्या पाटीवर मेगापिक्सेल आणि झूम एवढंच लिहिलेलं असतं.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र काचेत नाही. ते ड्राफ्ट्समनच्या डोळ्यात आहे. दीनदयाळांचे इमारतींचे फोटो नुसते बघा. उभी रेघ उभीच. खांब कलत नाहीत, पायऱ्यांची ओळ वाकत नाही. इमारतीचा दर्शनी भाग कुठून बघितला की तिची उंची, खोली आणि मांडणी एकदम कळते, ती जागा हा माणूस बरोबर हेरतो. कोपऱ्यात कुठे तरी एक माणूस उभा किंवा बसलेला असतो. तो शोभेला नसून मापाला आहे, असं मला वाटतं. ड्रॉइंगवर आपण स्केल लिहितो ना, तसा. दहा वर्षं प्लॅन-एलेव्हेशन काढलेल्या माणसालाच हे सुचणार. आपले एक सर म्हणतात की ड्रॉइंगचा विषय कुठे कुठे उपयोगी पडेल ते सांगता येत नाही, तेव्हा आम्ही मागच्या बाकावर हसतो. असो.

इंदूरला त्यांना दोन मोठे आश्रयदाते भेटले. एक इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे, आणि दुसरा मध्य भारताचा इंग्रज एजंट सर हेन्री डेली. (इंदूरचं डेली कॉलेज याच्याच नावाचं.) १८७५-७६ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, त्याचेही फोटो दीनदयाळांनी घेतले. पुढे डेलीच्या जागी लेपेल ग्रिफिन आला. १८८२ मध्ये तो बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा दीनदयाळांना सोबत घेऊन गेला, जुन्या इमारतींचे फोटो काढायला. ग्वाल्हेर, ओरछा, दतिया, खजुराहो, सांची. त्यातून १८८६ साली लंडनला मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंचं मोठं पुस्तक निघालं. लेखक म्हणून नाव ग्रिफिनचं, पण आज ते पुस्तक कोणी उघडतं ते दीनदयाळांच्या फोटोंसाठी.

आता या हौशी माणसानं नोकरीचं काय केलं? मला सगळ्यात जास्त उत्सुकता याचीच होती, का ते सुज्ञ वाचकांनी ओळखलंच असेल. सिनेमात असतं तसं राजीनामा साहेबाच्या टेबलावर आपटून ते निघून गेले नाहीत. आधी दहा-बारा वर्षं नोकरी सांभाळून फोटो काढले. मग दोन वर्षांची लांब रजा घेतली. त्या रजेत काम कितपत मिळतं, पैसा कितपत येतो, हे पाहिलं, आणि मगच नोकरी सोडली. सरळ इंजिनिअरचा हिशेब. आधी टेस्टिंग, मग लोड. वडिलांना हा भाग मी मुद्दाम वाचून दाखवला. ते म्हणाले काहीच नाही, पण पेपर खाली ठेवून ऐकलं.

याच दहा-बारा वर्षांत कॅमेऱ्याची दुनियाही बदलली. १८७१ मध्ये मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरानं जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि १८८० च्या आगेमागे त्या प्लेटा तयार स्वरूपात बाजारात आल्या. तंबूची, पखालींची कटकट गेली. फोटो सेकंदाच्या अंशात निघायला लागला, म्हणजे पळता घोडासुद्धा पकडता येऊ लागला. लगेच १८८८ मध्ये अमेरिकेत ईस्टमननं शंभर फोटोंचा रोल भरलेला छोटा कोडॅक कॅमेरा काढला, किंमत पंचवीस डॉलर. बटण तुम्ही दाबा, बाकीचं कंपनी बघेल. खिशातल्या कॅमेऱ्याचा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही. छोटा कॅमेरा बाजारात आला तेव्हा दीनदयाळ चव्वेचाळीस वर्षांचे होते, आणि त्यांचा धंदा मोठ्या काचांवरच उभा राहिला. गिऱ्हाइकाला भिंतीवर लावायला मोठा, स्वच्छ फोटो हवा होता. कॅमेरा त्यावरून ठरला.

१८८६ साली त्यांनी सिकंदराबादला स्टुडिओ काढला आणि तिथून त्यांची आपल्या राज्यातली कारकीर्द सुरू झाली. सहावा निजाम मीर महबूब अली खान तेव्हा विशीतला, हौशी आणि शिकारीचा शौकीन. त्यानं दीनदयाळांना दरबारी फोटोग्राफर केलं आणि राजा बहादूर मुसव्विरजंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार, जंग म्हणजे लढाई. फोटोग्राफरला लढवय्याचा किताब फक्त निजामाच्या दरबारातच मिळावा! निजाम स्वतः शायर होता, त्यानं दीनदयाळांच्या कमालीवर शेरही केला. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या फोटोंचा गौरव झाला, १८९६ मध्ये मुंबईत भला मोठा स्टुडिओ निघाला, १८९७ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन वरंगळकडे शिकारीला आला तेव्हा मेलेल्या वाघामागे उभे असलेले तो आणि त्याची बायको, हा फोटोही दीनदयाळांचाच. तुम्ही कुठे ना कुठे तो पाहिलेला असणार.

पण मला या सगळ्या मानसन्मानापेक्षा एक वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. १८९२ साली त्यांनी हैदराबादला जनाना स्टुडिओ काढला, फक्त बायकांसाठी. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर बसणार नाहीत, मग त्यांचे फोटो निघायचे कसे? तर उंच भिंतींचं आवार, आत सगळ्या बायकाच, आणि कॅमेऱ्यामागेही बाईच. मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई तो स्टुडिओ चालवत. किती साधी अडचण आणि किती सरळ उपाय! तोवर त्या घरांतल्या पुरुषांच्या तसबिरी भिंतीवर होत्या आणि बायकांच्या नव्हत्या.

आपल्या भागात त्यांचा कॅमेरा वेरूळ, दौलताबाद, औरंगाबादपर्यंत येऊन गेला. १८९२ च्या संस्थानच्या अल्बममध्ये हे फोटो आहेत. १८९९-१९०० चा दुष्काळ मराठवाड्याला फार जबर बसला. त्या वर्षांत निजाम सरकारनं काय काय मदतीची आणि बांधकामाची कामं केली याचाही अल्बम त्यांनी केला. विहिरी, बंधारे, दवाखाने, धान्य वाटपाला बसलेली माणसं. इथे माझं दीनदयाळांशी थोडं वाकडं आहे. त्यांच्या दरबारी फोटोंत नवाबांची नावं आहेत, पण दुष्काळाच्या फोटोंत रांगेत बसलेल्यांना नाव नाही. सरकारनं सरकारच्या कामाचे फोटो मागितले, त्यांनी ते काढून दिले. पगार घेणाऱ्या माणसाला याहून वेगळं करता आलं असतं का, हे मी इथे खोलीत बसून ठरवणं सोपं आहे. तरी ते डोळे कॅमेऱ्याकडे बघतात आणि आपण खाली नाव शोधत राहतो, हे खरं.

आमच्या घरात पणजोबांचा एकही फोटो नाही. सर्वांत जुना फोटो आजोबांचा, सोसायटीच्या कर्जाच्या कागदासाठी काढलेला, पासपोर्ट साइज. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास परभणीवरून धावायला लागली, म्हणजे भारतातला सर्वांत मोठा फोटोग्राफर ज्या शहरात राहत होता ते शहर इथून गाडीच्या एका डब्याएवढं जवळ आलं होतं. पण फोटोला लागणारे पैसे गाडीनं येत नसतात.

तेव्हा माझा कॅमेरा. दीनदयाळांचं वाचल्यावर मी दुकानाच्या पाट्या वाचणं सोडलं आणि आधी काय काढायचंय त्याची यादी केली. चारठाण्याची हेमाडपंती देवळं. वालूरची ती गोल बारव, जिच्या पायऱ्या वळसे घेत खाली जातात. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, तोही रात्री. गावाकडं आजीचं चुलीपाशी बसणं. यादी पाहिली तर एकाही जागी तीस पट झूम लागत नाही, आणि सगळीकडं उजेड कमी. म्हणजे मोठा सेन्सर आणि उघडी लेन्स, एवढंच मागायचं. एक इंची म्हणतात त्या सेन्सरचा छोटा कॅमेरा त्यात बसतो. (हा एक इंच कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही, जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या व्यासावरून आलेलं नाव आहे. प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर.) तरीही नखाएवढ्या सेन्सरच्या चौपट जागा. सोनीनं २०१२ मध्ये असा पहिला आरएक्स-१०० काढला, वीस मेगापिक्सेल, एफ १.८ ची लेन्स. नवा माझ्या आवाक्यात नाही; पण त्याच जातीतला, हाताळलेला एक नांदेडला मिळतोय. शटर, झूमची मोटर, लेन्सवर बुरशी, बॅटरी फुगलेली आहे का, हे सगळं बघून झालं. उरलेल्या पैशात तिपाई. देवळं काही हलत नाहीत, दीनदयाळही तिपाईवरच काढत होते.

दीनदयाळांचे शेवटचे दिवस काही बरे गेले नाहीत. १९०३ च्या दिल्ली दरबाराचं मोठं काम केलं, पण पुढच्याच वर्षी धर्मचंद हा मुलगा गेला आणि १९०५ मध्ये ते स्वतः गेले, एकसष्टीच्या आसपास. दुसरा मुलगा ग्यानचंद यानं काम पुढे चालवलं. मुंबईचा एवढा मोठा पसारा हळूहळू आटोपला. उरल्या त्या काचा. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह घेतल्या, आणि २००६ मध्ये टपाल खात्यानं त्यांचं पाच रुपयांचं तिकीट काढलं. त्या काचांवरून आजही फोटो छापता येतात.

नांदेडच्या माणसाला पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगितलंय. वडील सोबत येणार आहेत, भाव करायला म्हणे. आजीनं मात्र आत्ताच बजावून ठेवलंय, चुलीपाशी नको, नवं लुगडं नेसून ओट्यावर काढ, आणि खाली नाव लिही.